स्मारके राखणाऱ्या खात्याचा हिशेब कसा तपासावा

सरकारच्या बहुतेक खात्यांकडे पैसा जातो तो काही नवे घडावे म्हणून. रस्ता होतो, पूल होतो, शाळेची इमारत उभी राहते, आणि लेखापरीक्षक त्या वस्तूची लांबीरुंदी मोजून, देयकाशी ताडून, आपला शेरा लिहून मोकळा होतो. पुरातन वास्तूंचे रक्षण करणाऱ्या खात्याची गोष्ट निराळी आहे. जे सातशे वर्षांपूर्वी उभे राहिले ते पुढच्या वर्षीही उभे असावे, एवढेच त्याचे कर्तव्य. आणि ते पार पडले की नाही, याची साक्ष कोषागारातून निघालेल्या एकाही प्रमाणकात सापडत नाही. मंदिराचे शिखर ढासळले तरी पहारेकऱ्याचा पगार वेळेवर निघतो, बारव बुजून तिच्यावर घर झाले तरी मंडळ कार्यालयाचा जमाखर्च पैपैशाने जुळतो. म्हणून जे तरुण अधिकारी या खात्याच्या तपासणीवर प्रथमच निघाले असतील, आणि जे सुजाण नागरिक आपल्या गावच्या स्मारकाचे काय चालले आहे हे कागदोपत्री समजून घेऊ इच्छित असतील, त्या दोघांनाही मला आरंभीच सांगावयाचे आहे ते हे, की या खात्याची खरी शिल्लक स्मारकांच्या रूपाने रानावनात पसरलेली आहे. ती आधी जागेवर जाऊन मोजावी आणि मग कीर्द-खतावणी उघडावी.

हे सांगण्यास आधार आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली संसदेपुढे ठेवलेला १८ क्रमांकाचा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि सांस्कृतिक मंत्रालय यांच्या कारभाराविषयीचा आहे. त्या वेळी केंद्राच्या संरक्षणाखाली ३,६७८ स्मारके असल्याचे खात्याचे म्हणणे होते. लेखापरीक्षकांनी त्यांपैकी १,६५५ स्मारकांची खात्याच्याच माणसांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष पाहणी केली, आणि ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत. म्हणजे अठरांमागे एक. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून कायद्याने घोषित झालेली वास्तू नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याची नोंद कोठल्याही वार्षिक ताळेबंदात येत नाही, हे ज्या दिवशी उघड झाले त्या दिवशी या क्षेत्रातील लेखापरीक्षेची दिशाच बदलली, असे मी मानतो. परंतु या प्रकरणाचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. पुढे खात्याने कसून शोध घेतला तेव्हा ९२ पैकी ४२ स्मारकांचा पत्ता लागला, १४ शहरांच्या वाढीत गडप झाल्याचे दिसले, १२ धरणांच्या व जलाशयांच्या पाण्याखाली गेलेली निघाली, आणि २४ स्मारकांचा मागमूस मिळाला नाही. निम्म्याच्या जवळपास स्मारके सापडली, याचा अर्थ लेखापरीक्षकांचा शेरा खोटा होता असा मुळीच नाही; ज्या खात्यावर रक्षणाची जबाबदारी त्याला स्वतःची मिळकत पाहणीच्या दिवशी दाखवता आली नाही, हा दोष त्यामुळे पुसला जात नाही. मात्र आपल्याला एवढे शिकता येते, की ‘स्मारक नष्ट झाले’ आणि ‘स्मारक दाखविता आले नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत, आणि आपल्या टिपणात यांपैकी नेमके कोणते लिहिण्याइतका पुरावा हाती आहे, हे शंभरदा तपासून मगच शाई कागदाला लावावी.

तेव्हा पहिले काम यादीचे. खाते जी छापील यादी हाती देईल ती घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. कारण आजची यादी ही एका बैठकीत तयार झालेली नाही. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या राजपत्रातून जी स्मारके संरक्षित झाली, ती तिचा एक थर. संस्थानांतील स्मारके १९५१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली, तो दुसरा. १९१४ पासून निजामाच्या राज्यात स्वतंत्र पुरातत्त्व खाते होते व गुलाम याझदानी यांच्यासारखा विद्वान त्याचा प्रमुख होता, त्या राज्यातील अजिंठा-वेरूळसारखी स्थळे या वाटेने केंद्राकडे आली. राज्यपुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने आणखी काही भर पडली, आणि १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमाने हे सारे एका छत्राखाली घेतले. याखेरीज महाराष्ट्राचा आपला १९६० चा कायदा आहे, आणि त्याखालील स्मारके राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. तेव्हा प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेच्या राजपत्राने संरक्षित झाले, हा रकाना आपण स्वतः आखून भरावा. जेथे तो भरता येत नाही तेथेच पुढचे सारे घोटाळे दडलेले असतात, कारण मूळ अधिसूचनाच सापडत नसेल तर अतिक्रमण करणाऱ्याविरुद्ध न्यायालयात उभे राहावयाचे ते कशाच्या बळावर?

मालकीचा हा प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो याचे ताजे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या संचालनालयाकडे. एकाच नामांकनातील किल्ले, आणि तपासावयाची दफ्तरे दोन, कायदे दोन, अंदाजपत्रकाची शीर्षके दोन. गडाच्या पायथ्याची जमीन वनखात्याची, वाट ग्रामपंचायतीची, दर्शनाला येणाऱ्यांची व्यवस्था आणखी कोणाची, असेही पुष्कळदा असते. अशा वेळी कोणत्या कामाचा जाब कोणाला विचारावयाचा, हे आरंभीच्या बैठकीतच लेखी ठरवून घ्यावे, नाहीतर सहा महिन्यांनी प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखविते आणि अहवालातील आपला परिच्छेद अधांतरी राहतो.

अधिसूचनेनंतर जमिनीचे कागद. लेखापरीक्षक इमारतीकडे पाहतो आणि सातबारा विसरतो, असे मी वारंवार पाहिले आहे, आणि माझ्या मते या तपासणीतील सर्वांत मोठी उणीव तीच. अधिसूचनेत दिलेला सर्व्हे नंबर घेऊन तलाठ्याकडे जावे. त्या नंबराचे पुढे किती हिस्से पडले, गट कोणता झाला, फेरफार कोणत्या साली व कोणत्या व्यवहाराने पडला, आणि ‘इतर हक्क’ या सदरात संरक्षित स्मारकाचा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे. शहरात हेच काम मिळकत पत्रिकेवरून होते. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही महसूल खाते ठेवते. खात्याच्या अतिक्रमण-नोंदींशी ती ताडून पाहिली, तर एका दफ्तरात असलेले अतिक्रमण दुसऱ्यात नाही असे आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. मराठवाड्यात १९५४ चे खासरा पत्रक मागावे, कारण हैदराबाद संस्थानाच्या काळातील महसुली कागद उर्दूत आहेत आणि ते वाचणारा माणूस कार्यालयात आज असेलच असे नाही. जाणकार शोधून त्याच्याकडून वाचून घ्यावेत, पण ‘कागद वाचता येत नाही’ या सबबीवर ते बाजूस ठेवू नयेत. जिल्हे बदलले, तालुके फुटले, गावे धरणामुळे उठून दुसरीकडे वसली आणि जुनेच नाव नव्या वसाहतीला राहिले. अशा गावाच्या नावावर पत्ता शोधीत गेलेला माणूस नव्या गावठाणात उभा राहून स्मारक नाही म्हणून परत येतो, आणि स्मारक मात्र दोन कोसांवर जुन्या पांढरीत तसेच असते.

आता प्रत्यक्ष पाहणी. ती एकट्याने करू नये. मंडळाच्या उपकार्यालयातील संरक्षण साहाय्यक किंवा जो कोणी त्या स्मारकाचा प्रभारी असेल त्याला बरोबर घ्यावे, महसूल खात्याचा माणूस मिळाला तर उत्तमच, आणि जे दिसले ते तेथल्या तेथे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. संयुक्त पाहणीचा हा कागद पुढे सर्वांत अधिक उपयोगी पडतो. तो नसला की खाते म्हणते, आपण भलत्याच ठिकाणी गेलात, आणि त्यावर आपल्यापाशी उत्तर नसते. निघण्यापूर्वी जुनी वर्णने वाचावी. जेम्स बर्जेस यांनी संकलित केलेली आणि हेन्री कझिन्स यांनी १८९७ साली सुधारून काढलेली मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची यादी, जुनी गॅझेटियरे, पुरातत्त्व खात्याचे वार्षिक वृत्तान्त यांत पुष्कळ स्मारकांचे त्या काळचे वर्णन, कधी मोजमाप, कधी छायाचित्र मिळते. शंभर वर्षांपूर्वीचे छायाचित्र हाती असेल तर त्याच कोनातून आजचे घ्यावे. मंडपाचे किती खांब उरले, द्वारशाखेवरील मूर्ती आहेत की त्यांच्या जागी नुसते खळगे आहेत, हे त्या दोन चित्रांतून जितके स्वच्छ कळते तितके पानभर लिहूनही कळत नाही. अक्षांश-रेखांश टिपून घ्यावे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला संरक्षित स्मारकाचा फलक दिसला म्हणजे खात्री झाली असे मात्र समजू नये; फलक मुख्य रस्त्यावर सोयीच्या जागी उभा असतो आणि ज्या भिंतीसाठी तो लावला ती शेताच्या बांधात केव्हाच मिसळलेली असते. उलट, कित्येक उत्तम राखलेल्या स्थळी फलकच नसतो.

महाराष्ट्रातील एक नोंद येथे सांगितली पाहिजे. केंद्राच्या न सापडणाऱ्या स्मारकांच्या यादीत पुण्यातील जुनी युरोपीय थडगी आणि रेवदंड्याच्या आगरकोटातील ‘एक बुरूज’ यांची नावे वर्षानुवर्षे येत राहिली. पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या कोटाच्या तटात आजही बुरुजांचे अवशेष आहेत, आणि त्यांच्यात नारळी-पोफळीच्या वाड्या व माणसांची वस्ती आहे. तेथे उभे राहून संरक्षित असलेला तो एक बुरूज कोणता, हे ठरवावयाचे असेल तर नुसते नाव पुरत नाही. दिशा, व्यास, उंची, शेजारच्या ठळक खुणांपासूनचे अंतर, आणि एक नकाशा लागतो. ज्याचे वर्णन नीट लिहिले गेले नाही ते हरवले की नाही हेही सांगता येत नाही. म्हणून यादीतील प्रत्येक स्मारकाचा नकाशा व मोजमाप खात्यापाशी आहे काय, आणि ते कोणत्या साली घेतले, ही पृच्छा पहिल्याच पत्रात जावी.

नकाशाचा हा मुद्दा शेजारच्या बांधकामांच्या बाबतीत तर निर्णायक ठरतो. १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटर हे प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर हे विनियमित क्षेत्र ठरले. येथे ‘हद्दीपासून’ हा तपशील महत्त्वाचा. अंतर मोजावयाचे ते देवळाच्या भिंतीपासून किंवा किल्ल्याच्या दरवाजापासून नव्हे, तर अधिसूचनेतील संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून. आणि ती सीमा जमिनीवर दगड रोवून आखलेली नसेल तर ना-हरकत दाखल्यांच्या प्रत्येक फाइलीतील अंतर हे केवळ अंदाजाचे ठरते. अशा फाइली सरसकट वाचण्यापेक्षा थोड्याच निवडाव्या आणि प्रत्येकीतील अंतर स्वतः मोजून पाहावे. दुसरे असे, की १६ जून १९९२ पूर्वीची जी घरे प्रतिबंधित क्षेत्रात होती त्यांच्या मालकांना दुरुस्ती व नूतनीकरणासाठी परवानगी मागता येते. ही सवलत रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याच्या छायेत राहणाऱ्या माणसाने गळके छप्पर शाकारू नये असे कोणी म्हणणार नाही. पण दुरुस्तीच्या परवान्यावर दुमजली घर उभे राहिले की काय, हे पाहण्याचा सोपा मार्ग पालिकेच्या घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत आहे: वरच्या मजल्याची आकारणी कोणत्या सालापासून सुरू झाली ते तेथे लिहिलेले असते, आणि ते साल परवान्याच्या सालाशी लावून पाहिले की बोलण्यासारखे फारसे उरत नाही. यात गरीब माणसाच्या मोरीची भिंत आणि बिल्डराची सहामजली इमारत एकाच तक्त्यात समान अतिक्रमण म्हणून मांडू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आकडा फुगतो, पण न्याय होत नाही, आणि कारवाईचा बडगाही मग दुबळ्यावरच आधी पडतो.

संवर्धनाच्या कामांची देयके तपासताना सामान्य बांधकामाचे गज लावून चालत नाही. सर जॉन मार्शल यांची १९२३ ची संवर्धन नियमावली आणि २०१४ चे राष्ट्रीय संवर्धन धोरण या दोन्हींचा गाभा असा, की मूळ द्रव्य जास्तीत जास्त राखावे, हस्तक्षेप कमीत कमी करावा, आणि जे नवीन घालावयाचे ते जुन्याला मानवेल असे असावे. काळ्या पाषाणाच्या जुन्या भिंतीत सिमेंटने दरजा भरल्या तर भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, क्षार दगडाच्या पृष्ठभागावर साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. म्हणून चुना हवा, आणि चुना म्हणजे वेळ हवा. कळीचा चुना विझवून हौदात मुरवावा लागतो, वाळू किंवा सुरखी घालून घाणीत मळावा लागतो, आणि गूळ, बेलफळ, उडीद यांसारखी द्रव्ये त्यात घालण्याची जुनी रीत आहे. हे ठाऊक असलेल्या लेखापरीक्षकाला एक साधी कसोटी मिळते. चुना कामावर आल्याची तारीख साठा नोंदवहीत असते, आणि दरजा भरल्याची किंवा गिलावा झाल्याची तारीख मोजमाप पुस्तकात असते. या दोन तारखांत चुना मुरण्याइतके दिवस गेले नसतील, तर एक तर चुना मुरला नाही किंवा चुना वापरलाच नाही. तसेच सह्याद्रीच्या माथ्यावरील किल्ल्यावर आषाढात बाहेरच्या तटाचा गिलावा पूर्ण झाल्याचे मोजमाप दिसले तर पावसाची त्या दिवसांची नोंद मागवावी. कोसळत्या धारांत ओला चुना भिंतीवर टिकत नाही, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. माथ्यावर साहित्य नेण्याचा खर्च हाही बारकाईने पाहण्यासारखा असतो, कारण डोक्यावरून वाहून नेलेल्या दगडाचा दर वेगळा आणि गाडीने किंवा रज्जुमार्गाने नेलेल्याचा वेगळा. शेवटी भिंतीपाशी जाऊन दरजेवर नख फिरवावे, रंग पाहावा. राखाडी, कठीण, काचेसारखी दरज ही कागदावरील ‘चुन्याचे काम’ या शब्दांना दिलेले उत्तर असते.

आणखी एक गोष्ट. अन्य खात्यांत अनुदान अखर्चित राहिले की आपण लगेच ताशेरा ओढतो. येथे तसे करताना थांबावे. मार्चअखेर पैसा परत जाऊ नये म्हणून घाईने केलेले काम जितके नुकसान करते तितके वर्षभर काही न केल्यानेही होत नाही, कारण उखडून टाकलेली मूळ फरसबंदी पुन्हा आणता येत नाही. निधी का खर्च झाला नाही, हे जरूर विचारावे. पण प्रमाणित कारागीर मिळाला नाही, किंवा आराखडा तज्ज्ञांकडे गेला होता म्हणून काम थांबविले, असे प्रामाणिक उत्तर आले तर ते दोष म्हणून नोंदवू नये. अशा सबुरीचे अहवालात चार शब्दांनी कौतुक झाले तर लेखापरीक्षकाची प्रतिष्ठा मुळीच कमी होत नाही.

वस्तुसंग्रहालये व कोठारे यांकडे पुष्कळ पथके अखेरच्या दोन दिवसांत जातात, आणि मग जडसंग्रह नोंदवहीतील खुर्च्या-टेबले मोजून परत येतात. मला वाटते, सर्वांत सुपीक क्षेत्र हेच. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास ते काय, किती, कोठे व केव्हा सापडले हे लेखी कळविले पाहिजे, असे तो सांगतो. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा निघतो, पोलीस पंचनामा करतात, हंडा तालुक्याच्या उपकोषागारात जातो, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण चालते, आणि यथाकाल नाणी पुरातत्त्व खात्याकडे येतात. या वाटेवर चार-पाच हात बदलतात. म्हणून संग्रहालयाच्या नोंदवहीपासून सुरुवात न करता जिल्हाधिकारी कार्यालयातील गुप्तधनाच्या प्रकरणांच्या नोंदीपासून सुरुवात करावी आणि एकेक प्रकरण पायरीपायरीने खाली आणावे: पंचनाम्यात नाणी किती, वजन किती, धातू कोणता, उपकोषागाराच्या पावतीत किती, खात्याच्या मूळ नोंदवहीत किती, आणि आज पेटीत किती. जेथे पंचनाम्यात केवळ ‘एक मडके नाणी’ असे लिहिले असेल तेथे पुढे काहीच सिद्ध करता येणार नाही, आणि तोच मग आपला आक्षेप.

वजनात फरक आढळला की लगेच चोरीचा संशय घेऊ नये, हेही बजावून सांगतो. तांब्याची शिवराई शेकडो वर्षे मातीत राहिली म्हणजे तिच्यावर हिरवट गंज चढतो. रसायनशाळेत ती स्वच्छ केली की तो गंज उतरतो आणि वजन घटते. तेव्हा स्वच्छतेपूर्वीचे व नंतरचे वजन लिहिलेली रसायनशाळेची वही मागावी. ती वही असेल तर फरकाचा उलगडा होतो. ती नसेल तर घट गंजाची की नाण्यांची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ही अनिश्चितता कोणाच्या निष्काळजीपणामुळे निर्माण झाली एवढे मात्र सांगता येते. सोन्याचे तसे नाही. सोने गंजत नाही. तेथे वजनात आलेली घट निराळ्या गांभीर्याने घ्यावी. मूर्ती तपासताना नोंदवहीतील उंची स्वतः फीत लावून पडताळावी आणि जुन्या छायाचित्राशी भंगाच्या खुणा जुळवाव्या, कारण सारखी दिसणारी प्रतिकृती बनविता येते, पण तुटलेल्या बोटाची नेमकी तिरकी रेघ बनविणे फार अवघड असते.

मनुष्यबळाबद्दल थोडक्यात सांगतो. केंद्राच्या संरक्षणाखालील ३,६९३ स्मारकांपैकी अवघ्या २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक असल्याचे मंत्रालयाने २०२२ साली संसदीय समितीस सांगितल्याचे प्रसिद्ध आहे, आणि त्याच वेळी ५० स्मारके बेपत्ता असल्याचेही त्याने मान्य केले. हजेरीपट पाहताना एकाच माणसाच्या नावावर किती स्मारके लावली आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर तो कसा कापतो, हे विचारावे. तीस-तीस मैलांवरील चार स्मारकांचा पहारा एका माणसाकडे असेल तर गैरहजेरीचा शेरा त्याच्यावर न लिहिता मंजूर पदांच्या आकृतिबंधावर लिहावा. उत्खननांचे अहवाल वर्षानुवर्षे न लिहिता पडून राहतात, हीही महालेखापरीक्षकांनी दाखविलेली मोठी त्रुटी आहे. उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करून ज्ञान मिळविणे, आणि ते ज्ञान लिहिलेच गेले नाही तर केवळ नाश उरतो. तेव्हा प्रत्येक उत्खननाचा परवाना, खर्च आणि अहवालाची प्रकाशनतिथी एका ओळीत मांडावी.

या खात्यातील माणसे बहुधा आपल्या विषयावर प्रेम करणारी असतात आणि अपुऱ्या साधनांनी काम करतात. तपासणीतील आक्षेप खात्याला कळविणारे अर्धसमास पत्र लिहिताना ही जाणीव भाषेत असावी. शिल्पाचा काळ, शैली, एखादा तुकडा मूळचा की नंतरचा, यांवर लेखापरीक्षकाने स्वतः मत देऊ नये. तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे आणि ते तज्ज्ञाचे म्हणूनच उद्धृत करावे. आपला अधिकार कागदाचा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे: महालेखापरीक्षकांविषयीच्या १९७१ च्या अधिनियमाचे १८ वे कलम कोणतेही हिशेबाचे कार्यालय तपासण्याचा, कागद मागविण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क देते. गावातील वृद्धांशी, पुजाऱ्याशी, गुराख्याशी अवश्य बोलावे. त्यांचे म्हणणे पुरावा म्हणून वापरता आले नाही, तरी पुरावा कोठे शोधावा हे त्यांच्याइतके कोणीच सांगत नाही.

ज्या नागरिकांना हे अधिकार नाहीत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने एका साध्या अर्जावर बहुतेक हेच कागद मागता येतात. मात्र ‘आमच्या गावच्या देवळाकडे खात्याचे दुर्लक्ष का?’ असा प्रश्न अर्जात घालू नये. त्याला उत्तर मिळत नाही. नेमका कागद मागावा: अमुक स्मारकाच्या अधिसूचनेची व तिच्याबरोबरच्या नकाशाची प्रत, मागील पाच वर्षांतील पाहणी-टिपणे, झालेल्या कामांची अंदाजपत्रके व मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, आणि शंभर मीटरच्या आत दिलेल्या परवानग्यांची यादी. दुसरा अर्ज तहसील कार्यालयास, त्या गटाच्या फेरफारांसाठी. महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात ठेवले गेल्यावर सर्वांना खुले असतात. त्यांतील आपल्या जिल्ह्याचे उल्लेख वाचून त्यांवर खात्याने काय कार्यवाही केली, हे विचारावे.

अहवाल सादर झाला म्हणजे काम संपले, ही समजूतही सोडली पाहिजे. २०१३ च्या अहवालानंतर महालेखापरीक्षकांनी त्याच विषयाची पाठपुरावा-तपासणी केली आणि तिचा अहवाल २०२२ मध्ये संसदेपुढे आला. हा पायंडा राज्यांच्या पातळीवरही पडावयास हवा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ स्मारके संरक्षित यादीतून वगळण्याचा इरादा राजपत्रातून जाहीर केला. त्यांत हरियाणातील मुजेसरचा कोस मिनार, दिल्लीतील बाराखंबा येथील दफनभूमी, वाराणसीतील तेलिया नाल्यावरील बौद्ध अवशेष ही नावे होती. यासाठी आधार घेतला जातो तो १९५८ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाचा, आणि ते कलम बोलते राष्ट्रीय महत्त्व उरले नाही अशा स्मारकांविषयी. जे स्मारक सांभाळता आले नाही म्हणून नाहीसे झाले त्याचे महत्त्व संपले असे म्हणता येईल काय, हा प्रश्न पुढील लेखापरीक्षकांनी खात्याला लेखी विचारावा, असे मला तळमळीने वाटते. नाव वगळल्यावर यादी स्वच्छ दिसते आणि उणे शिल्लक कायमची झाकली जाते. म्हणून वगळण्याच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर शेवटचे पाहणी-टिपण कोणत्या तारखेचे, त्या वेळी प्रभारी कोण, अतिक्रमणाची किंवा धरणाची पूर्वसूचना कोणत्या कार्यालयास मिळाली होती आणि तिच्यावर काय हुकूम झाला, हे जोडलेले आहे काय ते पाहावे. नसेल, तर तो प्रस्ताव आपल्या परिच्छेदात स्मारकाच्या मूळ नावानिशी आणि अधिसूचनेच्या क्रमांकानिशी नोंदवावा. आणि जी स्मारके पाहणीत जागेवर सापडली त्यांच्या संयुक्त पाहणीच्या कागदाची एक सहीनिशी प्रत त्याच आठवड्यात तहसीलदाराकडे पाठवून सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात नोंद घेण्याची मागणी करावी, व त्या फेरफाराचा क्रमांक येईपर्यंत आपली फाइल बंद करू नये.